शिवगंगम्माच्या किल्ल्या

काल सकाळी उणकलच्या तळ्याला फेरी मारून परतत होतो. आमच्या कॉलनीतल्या एका गच्चीवर पापड वाळत घातलेले दिसले. सगळे यंत्रातून काढलेले, एकाच मापाचे, शाळेच्या कवायतीसारखे रांगेत. वास मात्र जुनाच होता. उडीद, हिंग, पापडखार आणि वरून उन्हाचा. माणसाला या वासानं भूक लागते. मी नाक दाबून रस्ता ओलांडतो. बायको म्हणते, "पापडाला घाबरणारा पुरुष मी जगात एकच बघितला." तिला वाटतं मला पित्त होतं. मीही तिला तसंच वाटू दिलंय.

शिवरात्र ते पाडवा, एवढाच तो हंगाम. हुबळीच्या बाजारात तेव्हा ब्याडगी मिरचीचे ढीग पडायचे आणि अर्धं गाव शिंकत हिंडायचं. सकाळची थंडी अंगावर असतानाच दहाचं ऊन चटका द्यायला लागायचं. कडुनिंबाला तांबूस पालवी. आणि माझी परीक्षा. साल कुठलं ते नेमकं आठवत नाही, पण मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला तिसऱ्यांदा बसलो होतो, म्हणजे सत्तरच्या दशकाचा उत्तरार्ध असणार. आमच्या घरी सालं माझ्या नापासांवरून मोजायचे. "वसूच्या दुसऱ्या नापासाच्या वर्षी आड आटला की नाही?" असं वहिनी अगदी सहज म्हणायची. त्यात तिचा टोमणा नसायचा. मला तेच जास्त लागायचं.

आमचं घर जुन्या हुबळीत. पुढं कापडाचं दुकान, मागं आम्ही. पणजोबा मिरजेकडून गाठोडं घेऊन आले ते इथंच रुजले. इरकली लुगडी, गुळेदगुड्डचे खण, हाच धंदा. गिऱ्हाइकाशी कन्नड, घरात मराठी, आणि भांडणात जे आधी तोंडाला येईल ते. दुकान थोरला भाऊ, अण्णा, बघायचा. मधली अक्का. तिचा नवरा लग्नानंतर तिसऱ्या वर्षी गेला आणि ती गदगहून एक ट्रंक घेऊन परत आली. शेंडेफळ मी. माझ्या हातात काही द्यायचं धाडस घरात कुणी करत नव्हतं, म्हणून माझ्या हातात पुस्तक असायचं.

अक्काबद्दल एक सांगायला हवं. तिच्या हातात घडी होती. दुकानात लुगडं उलगडून दाखवलं की पुन्हा तसं घालणं ही मोठी कटकट. अण्णा घाली, नोकर घाली, पण कडा पुढंमागं व्हायच्याच. अक्का आतून यायची, दोन झटके, एक दाब, आणि लुगडं जणू मागावरनं आत्ताच उतरलंय. तिनं घातलेली घडी दहा घड्यांतून ओळखू यायची. कोपरा आत दुमडून ती वर अंगठ्याचा एक दाब द्यायची, तो कोणी शिकू शकलं नाही. वर्षाच्या सुरुवातीला माझ्या पुस्तकांना कव्हरंही तीच घालायची, दुकानातल्या बदामी कागदाची, कणकेच्या खळीनं चिकटवून. माझी पुस्तकं वर्षअखेरीपर्यंत नवी राहायची. त्यात मी उघडायची नाहीत हाही एक भाग होताच.

पापडाला आमच्या गल्लीत पाळी असायची. दोन-तीन दिवस या घरी, दोन-तीन दिवस त्या घरी. आमच्या गच्चीवर अक्का, वहिनी, शेजारची नीलव्वा आणि आणखी दोघीतिघी पोळपाट घेऊन बसायच्या. आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर, सावलीत, मी. कारण पापड लाटताना वाचून दाखवायला कोणीतरी लागायचं, हा आमच्याकडचा रिवाज. पूर्वी पोथी वाचायचे. माझ्या पिढीत पोथीची कादंबरी झाली, एवढाच फरक.

कादंबऱ्याही एकाच जातीच्या लागायच्या. जाड. तीन पिढ्यांच्या. मोठं घराणं, आणि त्याच्या मधोमध एक श्रीमंत, करारी बाई. या बाया मला आता घरच्यासारख्या पाठ आहेत. कानात हिऱ्याच्या कुड्या, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. नवरा बहुधा छातीनं अधू असतो आणि तिसऱ्या प्रकरणात बिचारा खोकत निघून जातो. मग दीर, भाचे, मुनीम आणि वकील यांची रांग लागते. बाई जिन्याच्या मध्यावर येऊन उभी राहते, एक वाक्य बोलते, आणि खालचे सगळे पुरुष आपापल्या पायांकडं बघायला लागतात. दर पंचवीस पानांनी ती असं वाक्य बोलायची आणि गच्चीवरची लाटणी थांबायची. मला आधी हसू यायचं. ज्यांना रेडिओचं बटण फिरवायची मुभा नव्हती, भाजी कुठली करायची हे दुकानातून विचारून यावं लागायचं, त्या या राणीला ऐकताना मान वर काढून बसायच्या. जरा वेळानं मान खाली, पोळपाटाकडं. पण तेवढा वेळ ती वर असायची. हे मला तेव्हा दिसत होतं, कळत नव्हतं.

लॅमिंग्टन रोडजवळ पुस्तकं भाड्यानं देणारं एक वाचनालय होतं. तिथलं मराठी कपाट आम्ही दोन हंगामांत संपवलं. त्या वर्षी वाचनालयाचे मास्तर म्हणाले, "कन्नडमध्ये एक आहे बघा, दोन भाग. मलनाडातली कॉफीच्या मळ्याची मालकीण. बायका वेड्या झाल्यात त्याच्यासाठी." अक्का-वहिनी मराठी शाळेत चौथीपर्यंत गेलेल्या, कन्नड फडाफडा बोलायच्या, पण अक्षर ओळखत नव्हत्या आणि पुस्तकी कन्नड त्यांच्या कानाला जड जायचं. नीलव्वा शाळेतच गेली नव्हती. मी दोन्ही वाचायचो. तेव्हा ठरलं, मी कन्नड बघायचं आणि तोंडानं मराठी सांगायचं. आयुष्यात मला येत असलेली ही एकमेव कला. तीच अंगाशी आली.

त्या मालकिणीचं नाव शिवगंगम्मा. पहिल्या भागात तिनं आम्हाला गुंगवूनच ठेवलं. सासरा गेला, नवरा गेला, आणि थोरला दीर म्हणायला लागला, "मळ्याच्या किल्ल्या द्या. बाईमाणसानं उन्हातान्हात कशाला हिंडायचं?" शिवगंगम्मा म्हणाली, विचार करून सांगते. इथं पहिला भाग संपला.

"मुंद? मुंद एनातु?" नीलव्वा ओरडली. पुढं काय झालं ते तिला तिथल्या तिथं हवं होतं.

"पुढचं दुसऱ्या भागात."

"मग जा की आण! बसलास काय असा?"

अक्काचं लाटणं थांबलं होतं. तिची लाटी पोळपाटावर तशीच होती. कारण नेमकी तीच गोष्ट आमच्या घरात चालली होती.

लॅमिंग्टन रोडवर आमची एक छोटी जागा होती, एका शटरची. आमच्या वडिलांनी, अप्पांनी, जाताना सांगून ठेवलं होतं, ती अक्काची. अक्काला तिथं खणांचं दुकान काढायचं होतं. नुसते खण आणि इरकल, विकायलाही बायकाच. गिऱ्हाईक बाईला गाद्यांवर ऐसपैस बसता येईल, पुरुषासमोर पदर सावरत बोलावं लागणार नाही. कुठला रंग कुठल्या फळीवर, हे तिनं माझ्या वहीच्या मागल्या पानावर काढून ठेवलं होतं. अण्णाला तिथं सुटिंग-शर्टिंग घालायचं होतं. अण्णा वाईट नव्हता हो. तो खरंच म्हणायचा, "अक्का, तुला काय कमी आहे इथं? लोक काय म्हणतील, भावानं बहिणीला रस्त्यावर बसवलं?" त्यानं संमतीचा कागद करून आणला होता. अक्का म्हणाली, "पाडव्याला सांगते." आणि ती सांगणार काय, याची घरात सगळ्यांना धाकधूक. मला सोडून. मला वाटायचं, आपण लहान, आपल्याला कोण विचारतंय.

दुसरा भाग धारवाडच्या कोणा बाईंकडं गेलेला. मी रोज वाचनालयात जायचो. एके दिवशी मास्तर म्हणाले, "आज येतोय. चारपर्यंत ठेवतो. त्याच्या पुढं नाही, मागणारे ढीग आहेत." दुपारचे दोन वाजले होते. एवढ्यात मित्र भेटला, त्याच्या सायकलवर मागं बसलो, आणि आम्ही उणकलच्या तळ्यावर गेलो. तिथं गिरमिट खाल्लं. चुरमुरे, कांदा, टोमॅटो, चिंच-गुळाचं पाणी, वर हिरवी मिरची. मग आणखी एक गिरमिट. मग पाण्यात पाय सोडून देशाच्या राजकारणावर बोललो. सव्वापाचला वाचनालयात पोचलो तर पुस्तक गेलेलं.

"सांगितलं होतं," मास्तर म्हणाले. "आता पंधरा दिवस."

दुसऱ्या दिवशी पाळी आमच्या घरी. सकाळपासून नीलव्वाचा आवाज, "आणलास ना रे?" मी मुंडी हलवली. उभी हलली. आडवी हलवायला हवी होती, पण मान माझी नेहमी सोयीच्या बाजूला वळते. खोलीत गेलो, घाईत एक जाड पुस्तक उचललं. वाचनालयाच्या पुस्तकांनाही बदामी कव्हरंच असायची, कोणाला कळतंय? आणि कंपनी लॉ उघडून जिन्याच्या पायरीवर बसलो.

तीन दिवस मी कंपनी लॉमधून शिवगंगम्मा वाचली.

पहिला अर्धा तास झकास गेला. मळ्यावर धुकं सोडलं, एक हत्ती आणला. नीलव्वानं हत्तीचं फार कौतुक केलं. मग आपोआप तो क्षण आला. दीर समोर, किल्ल्या कमरेला, सगळे गप्प. आता शिवगंगम्मानं एक वाक्य बोलायला हवं. आणि मला ते सुचेना. संचालकांच्या सभेच्या कलमांकडं बघत राहिलो. ठाम बाईला बोलायला लावायचं तर पुढं दिराचं काय होणार, मळा कोण राखणार, पावसाचं, मजुरांचं, वकिलाचं सगळंच जमवावं लागतं. रडणाऱ्या बाईचं सोपं. ती रडली की गोष्ट संपते. माझी परीक्षा तोंडावर आली होती. मी तिला रडवली.

तिसऱ्या दिवशी शिवगंगम्मानं किल्ल्या दिराच्या हातावर ठेवल्या. म्हणाली, "भाऊजी, घर एक राहू दे. मला देवघराजवळची खोली पुरे." आणि दिराचे डोळे भरून आले, आणि त्यानं तिच्या पायांना हात लावला, आणि अंगणातली गाय हंबरली. गाय मी ऐन वेळी घातली. काय परिणाम झाला म्हणून सांगू! वहिनी पदरानं डोळे पुसत होती. नीलव्वाचे अश्रू पिठात. "बाई असावी तर अशी," वहिनी म्हणाली. मला वाटलं, च्यायला, आपल्यात काहीतरी आहे.

अक्का रडली नाही. तिनं लाटलेला पापड उचलून चादरीवर टाकला.

"वसू, असंच लिहिलंय?"

"असंच."

ती माझ्याकडं बघत होती. पुस्तकाकडं बघत होती. ऊन तिच्या डोळ्यांवर येत होतं, तरी तिनं हात आडवा धरला नाही.

"नीट बघून सांग. तिनं देऊन टाकावं, असंच आहे?"

"असंच आहे गं. तुला काय खोटं सांगतोय?" मी जरा चिडूनच म्हणालो. कलाकाराचा संशय घेतला की तो चिडतो.

"बरं," अक्का म्हणाली आणि पुढची लाटी घेतली.

पाडव्याच्या सकाळी गुढी उभी राहिली. वहिनीनं कडुनिंब-गूळ हातावर दिला. अण्णानं कागद पाटावर ठेवला, स्वतः उभाच राहिला. त्याला भांडणाची तयारी करून यावं लागलं होतं, ते त्याच्या तोंडावरून दिसत होतं. अक्का बसली. तिनं कागद वाचला. तिचं अक्षर गोल होतं, चौथीतल्या बाईंनी वळवलेलं. तिनं गोल सही केली, कागदाची घडी घातली, कोपऱ्यावर अंगठ्याचा दाब दिला, आणि शटरची किल्ली त्या घडीवर ठेवून अण्णापुढं सरकवली.

"घर एक राहू दे, अण्णा," ती म्हणाली.

माझं वाक्य. माझं, संचालकांच्या सभेच्या कलमातलं. माझ्या तोंडात कडुनिंब होता. थुंकून बोलता आलं असतं. अण्णा, थांब, ते मी बनवलंय, गिरमिट खात होतो म्हणून बनवलंय, असं एक वाक्य. जिन्याच्या मध्यावर उभं राहायचीही गरज नव्हती. अण्णाचे डोळे खरंच भरून आले. तो खाली वाकायला लागला, अक्कानं त्याला अडवलं. मी गूळ चघळत राहिलो. गूळ संपला तरी चघळत राहिलो.

पंधरा दिवसांनी दुसरा भाग मिळाला. घरी आणायची हिंमत झाली नाही. तळ्याकाठी बसून वाचला, त्याच जागी. सहाव्या पानावर दीर किल्ल्या मागतो आणि शिवगंगम्मा त्याला म्हणते, "बसा, भाऊजी. चहा घ्या. किल्ल्या जड आहेत, तुम्हाला झेपायच्या नाहीत." बस. एवढंच. त्याच्यासाठी वकील लागला नाही, मजूर लागले नाहीत, हत्ती तर नाहीच नाही. पुढं पाचशे पानं ती मळा चालवते आणि शेवटी नातसुनेच्या हातात किल्ल्या देते. मी पुस्तक परत केलं. मास्तरांनी विचारलं, "कशी आहे?" मी म्हटलं, "लांबलचक."

त्या वर्षी मी बाकी सगळ्या विषयांत पास झालो. कंपनी लॉमध्ये गेलो.

अण्णाचं सुटिंग-शर्टिंग पाच वर्षं चाललं. काचेत कोट घातलेला एक पुतळा उभा केला होता, त्याचा हात कायम पुढं आलेला, काहीतरी द्या म्हणत असल्यासारखा. मी तिथून जाताना रस्त्याच्या पलीकडनं जायचो. मग धंदा बसला, जागा गेली. अक्का मागच्या खोलीत खणाच्या चोळ्या शिवायची. गल्लीतल्या बायका कापड घेऊन यायच्या आणि तासभर बसून जायच्या. ऐसपैस, पदर न सावरता. मी एकदा त्यांना बघितलं आणि मला माझ्या वहीचं मागलं पान आठवलं. ती वही तोवर रद्दीत गेली होती. मीच घातली होती.

सांगायचं मात्र राहून जात होतं. नोकरी लागली, लग्न झालं, पोरगी झाली. दर वर्षी पापडाच्या हंगामात मी ठरवायचो, या खेपेला सांगायचं. मग कोणीतरी यायचं, चहा यायचा, आणि हंगाम उरकायचा. दहाएक वर्षं अशीच. तोवर घरात टीव्ही आला होता. मोठी घराणी, जिने, किल्ल्या, कुड्या, सगळं आता त्यात. मला वाचायला कोणी बोलवत नव्हतं. गच्चीवर पापड लाटून झाले की अक्का खाली येऊन राहिलेल्या लाट्या टीव्हीसमोर लाटायची.

त्या दिवशी ती एकटीच होती. मी समोर जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "अक्का, ती शिवगंगम्मा आठवते? तिनं किल्ल्या दिल्या नव्हत्या. ते मी बनवलं. पुस्तक मिळालंच नव्हतं मला." एका दमात. गिरमिटासकट सगळं सांगितलं.

अक्कानं लाटणं थांबवलं नाही.

"माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"तुझं कंपनीचं पुस्तक होतं ते. कव्हर मी घातलेलं. माझी घडी मला ओळखू येत नाही होय रे?"

मला बसायचं होतं. पण उभाच राहिलो, बसायला जागा पिठानं भरली होती.

"मग तू... तू सही का केलीस?"

"अरे, पुस्तकातल्या बाईनं काय केलं याच्याशी मला काय करायचंय? ती मलनाडातली, मळ्याची मालकीण. तिला जमेल." तिनं पापड उचलून बघितला, पुन्हा ठेवला. "अण्णा एका बाजूला. वहिनी त्याच्या बाजूला. अप्पा गेलेले. मला वाटायचं, एक तू आहेस. शिकलेला. दुकानाचं चित्र तुझ्याच वहीत काढलं होतं ना मी? तू काही बोलायचास नाहीस. मग तू आपल्याच मनानं गोष्ट सांगायला लागलास. म्हटलं, तोंडावर सांगायला लाजतोय, गोष्टीतून सांगतोय. ऐकत बसले, माझा वसू काय म्हणतो ते."

टीव्हीवर कोणीतरी बाई मोठ्यानं बोलत होती.

"मग विचारायचं तरी होतंस गं," मी म्हणालो. "एकदा तरी विचारायचंस, वसू, तुझं मत काय?"

"विचारलं की," अक्का म्हणाली. "दोनदा विचारलं."

मग तिनं पुढची लाटी घेतली, तळहातानं दाबली, आणि मान जराशी कलती केली.

"आता सरक बघू तिकडं. टीव्ही दिसेना मला."

मी बाजूला झालो. तेवढं मला पहिल्यापासून जमत आलंय.